पदवी हुकली, पण ऊन-वारा मोजला!

पोरगी बीएस्सी झाली की आपल्याकडे घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एकीकडून स्थळं यायला लागतात आणि दुसरीकडे पोरगी म्हणते, मला पुढं शिकायचंय. आंजी (मोठी) घ्या, खरांगणा घ्या, नाहीतर आर्वी घ्या, चित्र सगळीकडे तेच. त्यातून विषय फिजिक्स असला तर पंचाईत आणखी मोठी. डॉक्टर होते म्हटलं तर बापाला कळतं, बीएड करते म्हटलं तरी कळतं. पण फिजिक्समध्ये एमएस्सी, पीएचडी करून पोरगी करणार काय? शाळेत शिकवण्यापलीकडं या विषयाचा आपल्या वावराशी, पऱ्हाटीशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो चांगला रोकडा संबंध आहे. पावसाळ्यात मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. ६० पडला तर धरत नाहीत. आता एक मिलिमीटर म्हणजे किती पाणी? एका चौरस मीटर जागेवर एक लिटर. एका एकरावर ४ हजार ४७ लिटर. म्हणजे ६५ मिलिमीटर पावसात तुमच्या एका एकरात साधारण २ लाख ६३ हजार लिटर पाणी ओतलं गेलं. सोयाबीन पिवळं पडलेलं तुम्हाला डोळ्यांनी दिसतं, धुरा फुटलेला दिसतो, पण कागदावर येतो तो यंत्राचा आकडा. पर्जन्यमापक झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला बसवलेला असला तर तिरपा पाऊस त्यात पडतच नाही. म्हणून नियम असा की जवळचं झाड किंवा इमारत जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर यंत्र असावं आणि वाचन रोज सकाळी साडेआठलाच व्हावं. हा नियम मोडला की नुकसान यंत्राचं होत नाही, तुमचं होतं.

हे नीट मोजणं म्हणजेच फिजिक्स. हवामान मोजायची साधनं आपल्याच देशात तयार व्हावीत, वर्ध्यातलं आणि मद्रासचं यंत्र एकसारखं बोलावं, यासाठी जिनं उभी हयात घातली त्या बाईची ही हकिकत आहे. नाव अन्ना मणी. नावावरून घोटाळा करून घेऊ नका. हे कुणी अण्णा नव्हेत. केरळच्या बाई आणि कामाचा मोठा काळ आपल्या पुण्यात गेलेला.

मणीबाईंचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. वडील सिव्हिल इंजिनियर, वेलदोड्याच्या बागांचे मालक. आठ भावंडांत यांचा नंबर सातवा. घर खातंपितं होतं, पण रीत ठरलेली होती. मुलांनी शिकून हुद्द्यावर जायचं, मुलींनी घरकाम शिकून वेळेवर लग्न करायचं. बहिणींची तशी झालीही. या मुलीला मात्र वाचनाचं वेड. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या पुढं आल्या, तर तिनं त्या नको म्हणून ज्ञानकोशाचे खंड मागून घेतले. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका! सोनं परत करून पुस्तक मागणारी पोर आपल्या घरात निघाली तर आपण तिला शहाणी म्हणू की खुळी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आणखी एक धागा थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. १९२५ मध्ये वैकमचा सत्याग्रह चालू असताना गांधीजी त्या भागात गेले होते. तेव्हा ही मुलगी सात वर्षांचीही झालेली नव्हती. त्या भेटीचा ठसा असा उमटला की पुढं तिनं खादी धरली ती कायमची. सेवाग्रामच्या माणसांना खादीचं अप्रूप सांगायला नको, पण लंडनच्या प्रयोगशाळेपर्यंत जाऊन आलेल्या बाईनं ती जन्मभर सोडली नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

खरं तर मनात डॉक्टर व्हायचं होतं. ते जमलं नाही. फिजिक्स बरं येत होतं म्हणून मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तोच विषय घेतला आणि १९३९ मध्ये ऑनर्स पदवी मिळवली. १९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळून बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाल्या. गुरू कोण, तर साक्षात नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन.

इथं थोडं थांबू या, कारण ही संस्था आणि हे गुरू मराठी माणसाला आणखी एका कारणानं माहीत आहेत. मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये याच संस्थेत गेल्या तेव्हा रामन यांनी बाई आहे म्हणून प्रवेश नाकारला होता. त्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा वर्षभर पारख करण्याच्या अटीवर घेतलं. म्हणजे मणीबाई गेल्या तेव्हा दार थोडंफार किलकिलं झालेलं होतं, पण आत वातावरण मोकळं होतं असं नाही. मुलगे आणि मुली यांनी एकमेकांशी बोलू नये अशी शिस्त होती. प्रयोगशाळेत चर्चा होते, चहावर वाद होतात, त्यातून माणूस शिकतो. मुलींच्या वाट्याला ते आलंच नाही. उपकरण हाताळताना एखादीकडून बारीकशी चूक झाली की बायकांना हे जमायचं नाही, असा बभ्रा व्हायचा. रामन यांचं मोठेपण कुणी नाकारत नाही. पण मोठ्या माणसाची ही बाजूही सांगायला हवी.

काम होतं हिऱ्यांचं. लहानपणी ज्या कुड्या नको म्हटल्या त्याच खड्यांशी आता गाठ पडली! हिऱ्यावर प्रकाश टाकला की तो कोणता प्रकाश गिळतो, कोणता परत फेकतो, त्याचं चित्र फोटोच्या काचेवर घ्यायचं. प्रकाश इतका मंद की एका चित्राला पंधरा-वीस तास लागायचे. त्यामुळं बाई कित्येक रात्री प्रयोगशाळेतच झोपायच्या. तीसहून जास्त हिरे असे तपासले, माणकांवरही काम केलं. १९४२ ते १९४५ या काळात एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध छापून आले. ऑगस्ट १९४५ मध्ये पीएचडीचा प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. त्या काळी बंगलोरच्या संस्थेतल्या कामाला पदवी मद्रास विद्यापीठ द्यायचं.

आणि विद्यापीठानं पदवी दिली नाही. कारण काय, तर एमएस्सी केलेली नाही. ऑनर्स पदवी आहे, शिष्यवृत्ती देऊन संशोधनाला घेतलं आहे, पाच निबंध छापले आहेत, पण एक कागद कमी पडतो. तलाठ्याकडं सातबारा काढायला गेलं की एक कागद कसा कमी पडतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. तसलाच प्रकार. मणीबाईंना पीएचडी कधीच मिळाली नाही. बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात तो प्रबंध इतरांच्या पीएचडी प्रबंधांच्या रांगेत बांधून ठेवलेला आहे. दिसायला सगळे सारखेच.

गंमत बघा, ज्या कारणानं ही पदवी अडली ते कारण आता पहिल्यासारखं उरलेलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं नवे नियम काढले. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पास झालेल्याला एमएस्सी न करताही पीएचडीच्या प्रवेशाला बसता येतं. मणीबाईंनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी.

त्यांनी रडगाणं गायलं नाही. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती, १९४५ मध्येच सैनिकांच्या जहाजातून इंग्लंडला गेल्या. मनात होतं फिजिक्समधलंच संशोधन. पण तिथं जी जागा मिळाली ती हवामानाच्या उपकरणांची, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात. दुसरा कुणी नाराज होऊन परतला असता. यांनी तीन वर्षं तापमापी, दाबमापी, वारामापी कसे बनतात, कसे तपासतात, त्यातली चूक कशी पकडतात, हे मन लावून शिकून घेतलं. तोवर देश स्वतंत्र झाला होता. १९४८ मध्ये परत आल्या त्या थेट पुण्याला, हवामान खात्याच्या उपकरण विभागात.

पुण्यात शिवाजीनगरला जे शिमला ऑफिस म्हणतात, तेच हे खातं. १९२८ मध्ये मुख्य कचेरी शिमल्याहून तिथं आली म्हणून लोकांनी ते नाव पाडलं आणि पुढं मुख्य कचेरी दिल्लीला गेली तरी नाव राहिलं. त्या वेळी हवामानाची बहुतेक यंत्रं परदेशातून यायची. मोडलं की बसा वाट पाहत. विभागाचे प्रमुख वेंकटेश्वरन यांनी इथंच यंत्रं बनवायचा ध्यास घेतला होता, मणीबाई त्यांना जोडल्या गेल्या. १९५३ पर्यंत विभाग त्यांच्या हाती आला. हाताखाली १२१ माणसं, सगळे पुरुष. लेथवर काम करणारे, काच फुंकणारे, नकाशे काढणारे. आजही एखाद्या कारखान्यात हे चित्र सहज दिसायचं नाही, ही तर सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट.

जवळजवळ शंभर उपकरणांचे प्रमाणित नकाशे त्यांनी तयार करवून घेतले. हे काम दिसायला नीरस. शोध लावला म्हणून कुणी हार घालणार नाही. पण विचार करा, एका गावच्या पर्जन्यमापकाचं तोंड थोडं मोठं आणि दुसऱ्याचं लहान असेल तर दोन गावांचा पाऊस तुम्ही ताडून बघणार कसा? प्रमाण एक हवं. त्यांचा आग्रह असा होता की चुकीचं मोजण्यापेक्षा मुळीच न मोजलेलं बरं. चुकीच्या आकड्यावर माणूस विश्वास ठेवतो आणि फसतो.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं. त्या निमित्तानं देशात ठिकठिकाणी उन्हाची तीव्रता मोजणारी केंद्रं उभारली गेली, ती मणीबाईंच्या देखरेखीखाली. ऊन कसं मोजतात? काचेच्या घुमटाखाली काळा रंगवलेला भाग असतो. ऊन पडलं की तो तापतो आणि शेजारच्या थंड भागाशी जो फरक पडतो त्यातून विजेचा अगदी बारीक दाब तयार होतो. तो दाब मोजला की ऊन मोजलं. सुरुवातीला ही यंत्रंही विलायतेहून यायची, मग त्यांनी ती इथंच बनवायला घेतली. हवेच्या वरच्या थरातला ओझोन मोजणारं, फुग्याला बांधून सोडायचं यंत्रही साठीच्या दशकात त्यांच्या गटानं तयार केलं. १९६३ मध्ये विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून थुंब्याच्या अग्निबाण केंद्रावर हवामानाचा मनोरा उभा केला. १९६९ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक होऊन दिल्लीला गेल्या आणि १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. एवढं सगळं, नावापुढं डॉक्टर न लावता.

निवृत्तीनंतरचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. १९८० आणि १९८१ मध्ये देशातल्या उन्हाच्या आकडेवारीचे दोन जाड ग्रंथ त्यांनी काढले. कोणत्या ठिकाणी कोणत्या महिन्यात किती ऊन मिळतं, याची कोष्टकंच कोष्टकं. मग देशभरच्या वाऱ्याच्या मोजणीवर काम केलं आणि बंगलोरला वारा-ऊन मोजणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा काढली. तेव्हा सौरऊर्जा म्हटलं की लोक हसायचे. आज मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत (ती २०२४ ची) तुमच्या विहिरीवर पाट्या बसतात. किती पाट्यांवर किती पाणी चढेल हा हिशेब करायला आधी ऊन किती पडतं ते माहीत असावं लागतं, आणि हा पाया त्या कोष्टकांनी घातला. पवनचक्क्यांचंही तसंच.

बाई अविवाहित राहिल्या. बाई म्हणून मला त्रास झाला, असं त्या स्वतः म्हणत नसत. विज्ञानात स्त्री-पुरुष असा प्रश्नच त्यांना पटत नसे. मला हे त्यांचं म्हणणं पूर्ण पटत नाही. ज्यांना रात्रभर जागून केलेल्या कामाचा कागद मिळाला नाही, त्यांच्याशी वागणूक सरळ होती असं कसं म्हणावं? पण तक्रार करायची की नाही हा त्यांचा अधिकार. १९८७ मध्ये त्यांना के. आर. रामनाथन पदक मिळालं. १९९४ मध्ये पक्षाघातानं अंथरुणाला खिळल्या आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला वारल्या.

आता ज्यांच्या घरात बीएस्सीची पोरगी किंवा पोरगा आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. वर्ध्याच्या बजाज विज्ञान महाविद्यालयात फिजिक्स घेतलेल्यांना एमएस्सीसाठी नागपूर विद्यापीठ जवळच आहे, पण आयआयटीतही एमएस्सी होते आणि त्यासाठी जॅम नावाची परीक्षा असते. पुढं पीएचडीला नेट, गेट किंवा जेस्ट. नेटमधून फेलोशिप मिळाली तर खर्च बापावर पडत नाही. जानेवारी २०२३ पासून ही रक्कम दरमहा ३७ हजार रुपये करण्यात आली. हवामान खात्यात वैज्ञानिक सहायकाच्या जागा स्टाफ सिलेक्शन कमिशननं २०१७ आणि २०२२ मध्ये भरायला काढल्या होत्या आणि त्याला फिजिक्स घेऊन झालेली बीएस्सी चालत होती. पुढची जाहिरात कधी निघेल त्याचा नेम नाही, तेव्हा रोजगार समाचार चाळत राहावा. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे सोयाबीन काढायच्या धांदलीतच निघतात. परीक्षा फेब्रुवारीत होते.