लंडनच्या स्कूल बोर्डातील बेझंटबाई

डॉ. ॲनी बेझंट हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते प्रामुख्याने होमरूल चळवळीमुळे. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे आपल्या होमरूल लीगचा पाया घातला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेझंटबाईंनी मद्रासमध्ये आपल्या स्वतंत्र लीगची स्थापना केली. १९१७ च्या कोलकाता अधिवेशनात त्या काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, हेही शाळकरी इतिहासात आपण वाचलेले असते. पण भारताच्या भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी बेझंटबाईंनी लंडनमधील गोरगरीब मुलांच्या शाळांसाठी तीन वर्षे जो लढा दिला, त्याची आठवण आपल्याकडे फारशी काढली जात नाही. स्वतःच्या मुलीचे संगोपन करण्यास ज्यांना न्यायालयाने अपात्र ठरविले, त्यांच्याच हाती दहा वर्षांनी पूर्व लंडनच्या मतदारांनी हजारो मुलांच्या शाळा विश्वासाने सोपविल्या. त्यांच्या आयुष्याचे मर्म या विरोधाभासात दडलेले आहे.

ॲनी वुड यांचा जन्म १ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे मूळचे आयरिश वळणाचे. त्या पाच वर्षांच्या असताना वडील वारले आणि आईवर कुटुंबाचा भार पडला. हॅरो येथील प्रसिद्ध शाळेतील मुलांची राहण्या-जेवण्याची सोय करून आईने मुलाच्या शिक्षणाचा खर्च भागविला. ॲनीच्या शिक्षणाची जबाबदारी एलन मॅरियट या विदुषीने आपल्याकडे घेतली. मुलीच्या जातीला त्या काळी दुर्मीळ असे शिक्षण त्यांना लाभले, पण ते औदार्याच्या बळावर. शिक्षण हा हक्क नसून उपकार असेल तर ते किती मुलांच्या वाट्याला येणार, हा प्रश्न पुढे त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा गाभा ठरला.

१८६७ मध्ये फ्रँक बेझंट या धर्मोपदेशकाशी त्यांचा विवाह झाला. डिग्बी आणि मेबल ही दोन अपत्ये झाली. परंतु मेबलच्या जीवघेण्या आजारपणात ॲनी यांच्या मनात श्रद्धेविषयी शंकांचे काहूर उठले. मन मानत नसताना चर्चमधील विधींत सहभागी होणे त्यांनी नाकारले आणि १८७३ मध्ये संसार मोडला. मुलगी आईकडे आणि मुलगा वडिलांकडे अशी वाटणी झाली. पुढच्याच वर्षी त्या चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या निधर्मी चळवळीत दाखल झाल्या. १८७७ मध्ये या दोघांनी संततिनियमनाची माहिती देणारी चार्ल्स नोल्टन यांची पुस्तिका पुन्हा प्रसिद्ध केली आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे तांत्रिक मुद्द्यावर ती रद्द झाली, परंतु खरी शिक्षा निराळीच होती. १८७८ मध्ये न्यायाधीश जॉर्ज जेसेल यांनी मेबलचा ताबा आईकडून काढून वडिलांकडे दिला. आईची मते मुलीच्या हिताला बाधक आहेत, असे त्यामागील कारण होते. आईने मुलीची हेळसांड केल्याचा ठपका कोणी ठेवला नव्हता. अपराध होता तो विचारांचा.

या आघाताने दुसरी एखादी स्त्री खचून गेली असती. बेझंटबाईंनी तिशी ओलांडल्यावर विद्यार्थिदशा स्वीकारली. लंडन विद्यापीठाने १८७८ मध्ये स्त्रियांना पदव्यांची दारे खुली केली होती. त्यांनी प्रवेश परीक्षा दिली, विज्ञानाचा अभ्यास सुरू केला, स्वतः शिकता शिकता कामगारांच्या वर्गांना शिकविले. पण कीर्ती आणि अपकीर्ती दोन्ही त्यांच्या आधीच वर्गात पोहोचत असत. १८८३ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजने त्यांना आणि ब्रॅडलॉ यांच्या मुलीला वनस्पतिशास्त्राच्या वर्गात प्रवेश नाकारला. बर्कबेक संस्थेत त्यांनी परीक्षा उत्तीर्ण केल्या, तर इमारत निधीसाठी देणग्या गोळा करणाऱ्या चालकांना निकालाच्या यादीत त्यांचे नाव छापणे अडचणीचे वाटू लागले. अखेर त्यांना पदवी मिळाली नाही ती नाहीच. मात्र शाळेचे दार कोणासाठी उघडते आणि कोणासाठी बंद होते, याचा धडा त्यांना पुस्तकाबाहेर मिळाला.

१८८५ मध्ये त्या फेबियन सोसायटीच्या सभासद झाल्या आणि समाजवादाकडे वळल्या. जून १८८८ मध्ये ‘द लिंक’ या आपल्या छोट्या पत्रात त्यांनी पूर्व लंडनमधील बो येथील ब्रायंट अँड मे या काडेपेटीच्या कारखान्यातील मुलींची स्थिती मांडली. तुटपुंजी मजुरी, क्षुल्लक कारणावरून होणारा दंड आणि पांढऱ्या फॉस्फरसमुळे जबड्याचे हाड कुजविणारा रोग, असे ते चित्र होते. जुलैमध्ये सुमारे १,४०० स्त्रिया व मुलींनी काम बंद केले. दोन आठवड्यांच्या आत मालकांना माघार घ्यावी लागली. दंडाची पद्धत बंद झाली, जेवणासाठी स्वतंत्र जागा देण्याचे मान्य झाले आणि मुलींची संघटना उभी राहिली. या लढ्यात बेझंटबाईंना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली असली पाहिजे. कारखान्यात राबणाऱ्या या मुली कालपरवापर्यंत शाळेच्या बाकावर होत्या आणि तेथेही त्या अर्धपोटीच बसत होत्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडन स्कूल बोर्डाची निवडणूक आली. १८७० च्या कायद्याने स्थापन झालेली ही संस्था राजधानीतील प्राथमिक शाळांचा कारभार पाहत असे. तिचे वैशिष्ट्य असे की, पार्लमेंटच्या निवडणुकीत स्त्रियांना मत नसताना या निवडणुकीत करदात्या स्त्रिया मतदान करू शकत होत्या आणि कोणतीही स्त्री उमेदवार म्हणून उभी राहू शकत होती. जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला मिळत आणि ती सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा असे. बेझंटबाई टॉवर हॅम्लेट्स विभागातून उभ्या राहिल्या. बो येथील काडेपेटीचा कारखाना याच परिसरातला. त्यांच्या धर्मविषयक मतांवरून विरोधकांनी टीकेची झोड उठविली. तरीही १५ हजारांहून अधिक मते मिळवून त्या विभागात पहिल्या क्रमांकाने विजयी झाल्या.

बोर्डात त्यांनी तीन प्रश्न हाती घेतले. पहिला शुल्काचा. शिक्षण १८८० पासून सक्तीचे झाले होते, पण मोफत नव्हते. दर आठवड्याला काही पेन्स भरावे लागत. मूल शाळेत आले नाही तर पालकांना दंड आणि आले तर शुल्क, अशी दुहेरी कोंडी होती. दुसरा प्रश्न भुकेचा. बोर्डाने १८८९ मध्ये केलेल्या चौकशीत शाळांतील सुमारे ४४ हजार मुले, म्हणजे दर आठ मुलांमागे एक, नेहमीच अन्नाला मोताद असल्याचे आढळले. उपाशी मुलाला अक्षरे शिकविणे हा त्याच्यावर जुलूम आहे, अशी बेझंटबाईंची भूमिका होती. तिसरा प्रश्न बोर्डाची कामे करणाऱ्या मजुरांचा. मुलांना शिकवायचे आणि त्यांच्या बापांना कंत्राटदारांकरवी नागवायचे, ही विसंगती त्यांना मान्य नव्हती.

तिसऱ्या प्रश्नावर यश लवकर आले. कंत्राटदारांनी रास्त मजुरी दिलीच पाहिजे, अशी अट बोर्डाने १८८९ मध्ये घातली. पार्लमेंटने तसा ठराव केला तो त्यानंतर, १८९१ मध्ये. शुल्काबाबत देशभर दबाव वाढत गेला आणि १८९१ च्या कायद्याने दर मुलामागे वर्षाला दहा शिलिंगांचे सरकारी अनुदान मिळू लागल्याने बहुतेक शाळा मोफत झाल्या. भुकेचा प्रश्न मात्र अडून राहिला. करांचा पैसा मुलांच्या जेवणावर खर्च करण्यास कायद्याची परवानगी नव्हती. त्यामुळे १८८९ मध्ये धर्मादाय संस्थांना एकत्र आणणाऱ्या लंडन स्कूल्स डिनर असोसिएशनवरच समाधान मानावे लागले. शाळेतील जेवणावर सार्वजनिक पैसा खर्च करण्याची मुभा देणारा कायदा १९०६ मध्ये आला आणि मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा १९०७ मध्ये. तोपर्यंत स्कूल बोर्डही इतिहासजमा झाले होते.

बेझंटबाई ते पाहायला लंडनमध्ये नव्हत्या. १८८९ मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या ग्रंथाच्या परीक्षणाच्या निमित्ताने त्या थिऑसॉफीकडे ओढल्या गेल्या. १८९१ मध्ये त्यांनी पुन्हा निवडणूक लढविली नाही. जुन्या सहकाऱ्यांना हे वैचारिक स्थलांतर पटले नाही आणि त्यांची नाराजी अनाठायी म्हणता येणार नाही. ज्या भुकेल्या मुलांचा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला, तो सुटण्यापूर्वीच त्या दुसऱ्या वाटेने निघून गेल्या होत्या. मात्र याच काळात एक जुनी जखम भरून आली. सज्ञान झाल्यावर मेबल आणि डिग्बी ही दोन्ही मुले आईकडे परत आली.

१८९३ मध्ये भारतात आल्यावरही शाळेने त्यांची पाठ सोडली नाही. १८९८ मध्ये त्यांनी बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज सुरू केले. तेच पुढे बनारस हिंदू विद्यापीठाचे बीज ठरले. १९०४ मध्ये तेथे मुलींची शाळा निघाली. मद्रास सरकारने १९१७ मध्ये विद्यार्थ्यांना राजकीय सभांना जाण्यास मनाई केली, तेव्हा त्यांनी त्याचा कडाडून निषेध केला. पण असहकारात विद्यार्थ्यांनी शाळा-महाविद्यालये सोडावीत, हा गांधीजींचा कार्यक्रमही त्यांना मान्य झाला नाही. त्यामुळे त्यांची लोकप्रियता ओसरली. २० सप्टेंबर १९३३ रोजी अड्यार येथे त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे नामदार गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा इंग्लंडमधील कायद्यांचा दाखला त्यांच्यापुढे होता. पुढच्याच वर्षी ते विधेयक फेटाळले गेले. शाळेत शिजविलेले जेवण दिलेच पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आपल्या देशात यायला नोव्हेंबर २००१ उजाडले. आज महापालिकेच्या शाळेत दुपारी खिचडीचे ताट पुढे ओढणाऱ्या मुलाला बेझंटबाईंचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु भूक हा शाळेच्या हजेरीपटाशी निगडित विषय आहे आणि त्याचे उत्तर दानपेटीत नव्हे, तर सरकारी तिजोरीत शोधले पाहिजे, हा आग्रह सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी ज्यांनी सभागृहात उभे राहून धरला, त्यांत स्वतःच्या लेकीला मुकलेली ही आई अग्रभागी होती.