भाऊराव पाटील

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील (जन्म : २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज, कोल्हापूर जिल्हा, मृत्यू : ९ मे १९५९, पुणे) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक, सत्यशोधक चळवळीचे कार्यकर्ते आणि रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. शारीरिक श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण घेण्याची 'कमवा आणि शिका' ही पद्धत त्यांनी सातारा परिसरात रुजवली. ते स्वतः मॅट्रिक उत्तीर्ण नव्हते.

पूर्वायुष्य

भाऊरावांचा जन्म जैन कुटुंबात झाला. कुटुंबाचे गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून होते. त्या काळी वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे भाऊरावांच्या चरित्रातील जुन्या सातारा जिल्ह्याची कितीतरी गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत.

माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व जैन वसतिगृहात राहू लागले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून वसतिगृहाचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना काढून टाकले. पुढे त्यांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला. अभ्यासात मात्र त्यांची प्रगती झाली नाही आणि शाळा अर्धवट सुटली.

१९१४ मध्ये कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांना अटक करून त्यांचा छळ करण्यात आला. ज्यांनी वसतिगृहाबाहेर काढले त्यांच्याविरुद्धही खोटे बोलण्यास ते तयार झाले नाहीत. कोठडीत त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता.

उपजीविका आणि ग्रामीण भागाचा अनुभव

साताऱ्यात काही काळ शिकवण्या केल्यामुळे ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जात. नंतर त्यांनी ओगले यांच्या काचकारखान्याच्या मालाची आणि किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरांची विक्री केली. साताऱ्याचे उद्योजक धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. शिक्षणकार्यासाठी कबूल झालेल्या साहाय्यावरून पुढे दोघांचे संबंध तुटले. विक्रेता म्हणून केलेली ही भटकंती त्यांच्या शिक्षणविचाराच्या दृष्टीने शाळेतील वर्षांपेक्षा महत्त्वाची ठरली. गावोगावी शाळा नव्हती, जिथे होती तिथे शेतकऱ्याचे पोर चार इयत्तांनंतर गुरांमागे जाई आणि तालुक्याच्या गावी ठेवायचे तर खाण्याराहण्याचा खर्च घराला झेपत नसे.

रयत शिक्षण संस्था

मिरज तालुक्यातील दुधगाव येथे १९१० च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसह सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास हलवले. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन मुले एका पंगतीत जेवत. महात्मा गांधींनी १९२७ मध्ये या वसतिगृहास भेट दिली व त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले.

पैशाची चणचण कायम असे. पत्नी लक्ष्मीबाई सनातनी जैन वातावरणात वाढलेल्या होत्या. तरी त्यांनी सर्व जातींच्या मुलांना स्वतः रांधून वाढले आणि धान्य संपले तेव्हा दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. गावोगावच्या स्त्रिया दळताना मूठभर धान्य बाजूला काढत. हा मुष्टिफंड वसतिगृहांचा मोठा आधार होता.

कमवा आणि शिका

भाऊरावांच्या वसतिगृहात मुले पाणी भरत, स्वयंपाक करत, शेतात राबत, खडी फोडत आणि त्यावर आपले शिक्षण चालवत. श्रमाकडे त्यांनी केवळ फी भरण्याचा मार्ग म्हणून पाहिले नाही. शिकलेला मुलगा नांगराला हात लावायला लाजतो, नोकरीसाठी शहर गाठतो आणि गाव होते तिथेच राहते, हा रूढ शिक्षणाचा दोष त्यांना खुपत होता. श्रमामुळे अभ्यासाचे तास कमी होतात, हा आक्षेप निराधार नव्हता. परंतु ज्या मुलांपुढे दुसरा पर्याय शाळा सोडण्याचा होता, त्यांच्याबाबतीत तो फारसा लागू पडत नव्हता. १९४० मध्ये साताऱ्यात सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल हे या पद्धतीवर चालणारे निवासी व विनाशुल्क विद्यालय होते.

शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, आणि शहरातला शिक्षक डोंगरी खेड्यात टिकत नाही. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज हे अध्यापक विद्यालय काढले. तेथे तयार झालेली ग्रामीण मुलेच पुढे संस्थेच्या ऐच्छिक शाळांमध्ये शिकवू लागली. खेड्यातील कितीतरी घरांत पहिला पगार या शिक्षकी पेशातून आला. १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कराडचे सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. वसतिगृहात श्रम करून शिकलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, संस्थेत परतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

अनुदानाचा वाद

गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांच्या जाहीर टीकेमुळे बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने संस्थेचे अनुदान थांबवले. शाळा बंद पडण्याची वेळ आली, तरी भाऊराव नमले नाहीत. गाडगे महाराजांनी मध्यस्थी केल्यानंतर अनुदान पुन्हा सुरू झाले. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेला स्वतःचे मत किती परवडते, हा प्रश्न या प्रकरणातून ठळकपणे पुढे आला.

सन्मान आणि निधन

जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, तर एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही पदवी दिली. त्यानंतर महिनाभरातच त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. १९८८ मध्ये त्यांच्यावरील टपाल तिकीट निघाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना त्यांच्याच नावाने चालते. त्यातील विद्यार्थी ग्रंथालय, कार्यालय व बागेत ठरावीक तास काम करून मानधन मिळवतात.