पालीचे आचार्य धर्मानंद कोसंबी

महाविद्यालयात शिकविणे म्हणजे तासाला जाऊन नेमलेले पुस्तक उलगडून सांगणे, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ज्या विषयाचा आपल्याकडे वर्गच नाही, तो विषय प्रथम स्वतः मिळवून मग विद्यार्थ्यांच्या हाती देणे, हे केवढे बुद्धीचे काम आहे, ते आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रावरून कळून येते.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण बेताचेच. एका मराठी बालमासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने ध्यास घेतला, आणि १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही कन्या यांना मागे ठेवून ते ज्ञानाच्या शोधार्थ बाहेर पडले. त्या ध्यासाची किंमत घरच्या माणसांनाही मोजावी लागली, हे विसरता येत नाही. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते १९०२ साली सिंहलद्वीपास पोचले आणि तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले.

पुढे कलकत्त्यास त्यांना पालीच्या अध्यापनाचे काम मिळाले. परंतु ही विद्या आपल्या महाराष्ट्रात रुजावी, ही त्यांची तळमळ होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा अधिक वेतनाची जागा सोडून ते इकडे आले. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेस बोलाविले. जवळ विद्यापीठाची एकही पदवी नसताना केवळ विद्वत्तेच्या बळावर हा मान त्यांस मिळाला.

१९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. त्या वेळी पाली ग्रंथ बहुतेक सिंहली, ब्रह्मी वा रोमन लिपीत असत. देवनागरीत ते क्वचितच मिळत. अशा स्थितीत वर्गातील एकेका पाठामागे पाठभेद ताडून अर्थ निश्चित करण्याचे संशोधकाचे श्रम असत. त्यांचे शिष्य पु. वि. बापट यांनी पुढे ही परंपरा चालविली. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या, बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांवरील ग्रंथाचे संपादक तेच होत. गुरूंनी स्वतः संपादिलेला ‘विसुद्धिमग्ग’ १९४० साली देवनागरीत प्रसिद्ध झाला.

१९४७ च्या जूनमध्ये सेवाग्राम येथे धर्मानंदांचे देहावसान झाले. विद्यार्थिमित्रहो, आज आपणांस एखादा विषय सहज शिकावयास मिळतो, तेव्हा तो वर्गापर्यंत आणण्यासाठी कोणीतरी आपले आयुष्य वेचले असेल, याची जाणीव ठेवून त्या पाठाकडे लक्ष द्यावे.