कॉर्बेट आणि रॉबिन

हिमालयाच्या पायथ्याशी, कुमाऊँ प्रदेशात, कालाढुंगी नावाचे एक गाव आहे. गावाजवळून बौर नदी वाहते आणि तिच्या काठाने घनदाट अरण्य पसरलेले आहे. १८८० नंतरच्या काळात, थंडीच्या दिवसांत, एक लहान मुलगा या अरण्यात एकटाच हिंडत असे. त्याच्याजवळ एक जुनी ठासणीची बंदूक होती आणि तिचीही एक नळी चिरलेली होती. रात्र जेथे होईल तेथेच त्याचा मुक्काम पडे. ऊब आणि सोबत म्हणून तो एक लहानशी शेकोटी पेटवी. मध्यरात्री वाघाच्या हाकेने जाग आली, तर शेकोटीत आणखी एक लाकूड सारून तो कूस बदली आणि पुन्हा झोपी जाई. आपण वाघाची कुरापत काढली नाही, तर तोही आपल्या वाटेस जाणार नाही, असा त्याचा पक्का विश्वास होता.

या मुलाचे नाव जिम कॉर्बेट. त्याचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. त्याचे वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम सहा वर्षांचा होण्यापूर्वीच ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. त्या घरात रॉबिन नावाचा कुत्रा होता. जिम सहा वर्षांचा असताना एका चवताळलेल्या अस्वलाने त्याच्यावर आणि त्याच्या चार वर्षांच्या धाकट्या भावावर हल्ला केला. तेव्हा रॉबिनने दोघा भावांना वाचविले. ते उपकार जिम कधीही विसरला नाही.

मोठेपणी कॉर्बेट यांनी गंगेच्या काठी मोकामा घाट येथे रेल्वेच्या मालाची चढउतार करून घेण्याचे काम अनेक वर्षे केले. परंतु त्यांचे नाव झाले ते कुमाऊँच्या डोंगरांतच. तेथे काही वाघ व बिबळे नरभक्षक बनले होते. दिवस मावळण्यापूर्वीच घरांची दारे बंद होत. शेतात पीक उभे असले, तरी कापणीस जाण्याची कोणाची छाती होत नसे. चंपावतच्या एका वाघिणीने ४३६ माणसांचे बळी घेतले होते. कॉर्बेट यांनी १९०७ साली तिला मारले. या कामासाठी त्यांनी कधी बक्षिसाची आशा धरली नाही. जाहीर झालेले बक्षीस आधी रद्द करावे, अशीच त्यांची अट असे. मेलेल्या वाघिणीचे तोंड उघडून पाहता तिचे दोन सुळे तुटलेले आढळले. कोणा शिकाऱ्याच्या गोळीने ते तुटले होते आणि नेहमीची शिकार करणे तिला अशक्य झाले होते. वाघ स्वभावतः माणसाचा वैरी नाही. जखम किंवा म्हातारपण त्याला या मार्गास लावते, हे कॉर्बेट यांनी ओळखले.

पुढे त्यांनी पंधरा रुपयांना एक कुत्र्याचे पिलू विकत घेतले. ते स्पॅनिअल जातीचे, लांब कानांचे आणि दिसण्यात अगदीच किरकोळ होते. आपल्या बालपणीच्या रक्षकाची आठवण म्हणून कॉर्बेट यांनी त्याचेही नाव रॉबिन ठेवले. लवकरच रॉबिन त्यांच्या अरण्ययात्रांतील सोबती बनला. वाऱ्यावर येणारा वास घेऊन तो जवळचे जनावर ओळखी. त्याच्या मानेच्या एका हालचालीवरून धन्याला सारे काही समजे. दोघांत शब्दांची गरज उरली नव्हती.

एकदा दोघे जखमी बिबळ्याचा माग काढीत चालले होते. अवचित तो बिबळ्या झुडपातून उसळला. रॉबिनचा धीर सुटला आणि तो जीव घेऊन पळाला. संकट टळल्यावर कॉर्बेट यांनी त्याला शोधले, पण तो दिसेना. काही वेळाने रॉबिन आपण होऊन परत आला. तो भीतीने ग्रासला होता. तरीही धन्याचे काय झाले हे पाहण्यासाठी ती भीती गिळून तो त्याच जागी आला होता. कॉर्बेट त्याला रागावले नाहीत. पळणे हा भीतीचा परिणाम होता आणि परतणे हा निष्ठेचा, हे ते जाणत होते. त्यांनी त्याला जवळ घेतले. त्यानंतरही रॉबिन पूर्वीसारखाच त्यांच्याबरोबर रानात जात राहिला. मुंबईहून १९४४ साली कॉर्बेट यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात वाघांच्या कथांबरोबर रॉबिनसाठीही त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले.

उतारवयात कॉर्बेट यांच्या हातात बंदुकीपेक्षा कॅमेराच अधिक दिसू लागला. चलच्चित्र घेणाऱ्या यंत्राच्या आवाजाने वाघ बिथरतात, असे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी एका झऱ्याला लहान लहान बांध घातले. पाण्याच्या खळखळाटात यंत्राचा आवाज लोपला आणि वाघ निःशंकपणे जवळ येऊ लागले. या कामासाठी त्यांनी महिनोन्‌महिने खर्च केले. वनांचा नाश असाच चालू राहिला, तर वाघ नाहीसा होईल आणि देश एका मोलाच्या ठेव्यास मुकेल, असे ते लोकांना कळकळीने सांगत.

१९३६ साली रामगंगा नदीच्या काठी भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्यासाठी कॉर्बेट यांचा सल्ला लाभला होता. १९४७ साली ते बहिणीसह केनियास गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पुढे या उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले. १९७३ साली देशातील व्याघ्र प्रकल्पाचा आरंभही येथूनच झाला.

आज रामगंगेच्या काठी ढिकाला येथील वनविश्रामगृहात प्रवासी रात्री मुक्काम करतात आणि अंधारातून येणारी वन्य पशूंची हाक ऐकतात. मात्र तेथे बंदूक नेता येत नाही, आणि पाळीव कुत्राही नेता येत नाही. कुत्र्यांचे रोग वन्य पशूंना जडतात आणि त्यांच्या वावराने रानाची शांतता भंगते. म्हणजे कॉर्बेट आज तेथे आले असते, तर रॉबिनला घरीच ठेवावे लागले असते. आपल्या लाडक्या सोबत्याचा हा विरह त्यांना जड गेला असता; परंतु वाघाच्या घरात वाघाचा हक्क पहिला, ही गोष्ट त्यांना कोणी समजावून द्यावी लागली नसती.