लेव्ह लांदाऊ आणि एका थराचा स्फटिक

बर्फ वितळते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण अणूंचा एकच थर असलेला स्फटिक कसा वितळेल, हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सहसा पडत नाही. मला तो पडला रशियन शास्त्रज्ञ लेव्ह लांदाऊ यांच्याविषयी वाचताना.

लांदाऊ यांचा जन्म २२ जानेवारी १९०८ रोजी बाकू येथे झाला. वडील तेलधंद्यात इंजिनिअर, आई डॉक्टर. चौदाव्या वर्षी हा मुलगा विद्यापीठात गेला. पुढे लेनिनग्राड, कोपनहेगनला नील्स बोर यांचा सहवास, मग खार्कोव्ह. १९३७ साली ते मॉस्कोला कापित्सा यांच्या संस्थेत आले. घनाचा द्रव किंवा द्रवाचा वायू होतो त्या अवस्थांतरांचा त्यांचा सिद्धान्त त्याच वर्षीचा.

त्यात एक चमत्कारिक निष्कर्ष होता. तापमान केवल शून्याच्या जरा जरी वर असले, तरी एका थराचा खरा स्फटिक टिकूच शकत नाही! कारण मला हिशेबाच्या भाषेत उमगले. उष्णतेने प्रत्येक अणू थरथरतो. एरवीच्या घन पदार्थात त्याला वरून, खालून, चहूबाजूंनी शेजारी धरून ठेवतात. थरात तो आधार अपुरा पडतो. कीर्दीच्या प्रत्येक पानावर पैशा-दोन पैशांचा फरक पडावा आणि तो पुढे ओढला जावा, तशी चूक साचत जाते आणि दूरच्या अणूची जागा हिशेबाबाहेर जाते.

एप्रिल १९३८ मध्ये लांदाऊंना अटक झाली. प्रकरण स्टालिनविरोधी पत्रकाचे होते. वर्षभर ते तुरुंगात होते. कापित्सांनी वरपर्यंत पत्रे लिहिली, शेवटी स्वतःच्या सहीने हमी दिली, तेव्हा सुटका झाली. त्या काळात दुसऱ्यासाठी अशी सही करणे म्हणजे आपलीच मान पुढे करणे. मला तर ती सही लांदाऊंच्या कुठल्याही समीकरणाहून मोठी वाटते.

सुटल्यावर लांदाऊंनी द्रवरूप हेलियमचे कोडे सोडवले. ७ जानेवारी १९६२ रोजी मोटार अपघात झाला; त्याच वर्षीचे नोबेल पारितोषिक त्यांना इस्पितळातच मिळाले. नंतर संशोधन झाले नाही. १ एप्रिल १९६८ रोजी ते वारले.

त्यांचा निष्कर्ष खोटा नव्हता, अपुरा होता. १९७० नंतर मॉस्कोत बेरेझिन्स्की आणि बर्मिंगहॅमला कोस्टरलिट्झ व थाउलेस यांनी दाखवले की थरातली शिस्त एकदम मोडत नाही, ती अंतरागणिक हळूहळू क्षीण होते. मांडणीतील दोष जोडीने बांधलेले असतात. जोड्या सुटल्या की थर वितळू लागतो. १९७८-७९ मध्ये हाल्परिन, नेल्सन आणि यंग यांनी आणखी एक पायरी सांगितली: आधी जागा विस्कटतात, पण सहा दिशांची शिस्त उरते; आणखी तापवल्यावर तीही जाते.

१९८० साली निधन पावलेले बेरेझिन्स्की अखेरीस ज्या संस्थेत काम करत होते, तिला लांदाऊंचेच नाव आहे.