मूलद्रव्यांचा ठावठिकाणा सांगणारे गोल्डश्मिट

विद्यार्थी मित्रहो, आवर्तसारणी पाठ करताना ही सारी मूलद्रव्ये पृथ्वीच्या पोटात कुठे राहतात, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? लोखंड जागोजागी सापडते, मग सोने इतके दुर्मीळ का? या प्रश्नांची शास्त्रशुद्ध उत्तरे शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या व्हिक्टर मोरिट्झ गोल्डश्मिट यांची ओळख या अंकात आपण करून घेऊ. आधुनिक भूरसायनशास्त्राचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते.

त्यांचा जन्म २७ जानेवारी १८८८ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील हाइनरिख हे रसायनशास्त्राचे अध्यापक. १९०१ मध्ये वडिलांना नॉर्वेच्या राजधानीत, म्हणजे आजच्या ऑस्लोत, प्राध्यापकपद मिळाले आणि कुटुंब तेथे गेले. १९०५ मध्ये ते नॉर्वेचे नागरिक झाले. शिलारसाच्या उष्णतेने आसपासचे खडक कसे बदलतात, यावरील प्रबंधाला १९११ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १९१४ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, व्हिक्टर प्राध्यापक झाले!

पहिल्या महायुद्धात नॉर्वेची आयात अडली. देशातच कच्चा माल शोधण्यासाठी सरकारने प्रयोगशाळा उभारली आणि १९१७ मध्ये तिची धुरा गोल्डश्मिट यांच्याकडे आली. कोणते मूलद्रव्य कोणत्या खडकात सापडेल हे सांगायचे, तर त्यामागचा नियम हाती हवा. देशाच्या गरजेतून निघालेला हा प्रश्न त्यांचे जीवनकार्य ठरला. १९२३ ते १९३८ या काळात मूलद्रव्यांच्या वाटणीच्या नियमांवरील त्यांची लेखमाला नऊ भागांत प्रसिद्ध झाली.

त्यांचा विचार समजायला सोपा आहे. धातू गाळण्याच्या भट्टीत जड धातू तळाशी बसतो आणि हलकी मळी वर तरंगते. पृथ्वी वितळलेली असताना तेच घडले. लोखंडाच्या संगतीत रमणारी मूलद्रव्ये त्याच्याबरोबर गाभ्यात उतरली. सोने आणि प्लॅटिनम ही त्यांतलीच, म्हणून भूपृष्ठावर ती इतकी थोडी! तांबे, शिसे, जस्त यांना गंधकाची ओढ. सोडियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांना खडकांची. तर नायट्रोजन व निष्क्रिय वायू वातावरणात राहिले. मूलद्रव्यांचे हे चार गट आजही शिकवले जातात.

पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असंख्य स्फटिकांची रचना तपासली आणि १९२६ मध्ये आयनांच्या आकारमानांचा तक्ता तयार केला. आकार आणि भार जुळला, की एका आयनाच्या जागी दुसरा सहज बसतो, हे त्यातून स्पष्ट झाले. हाफ्नियम झिर्कोनियमच्या खनिजांत दडून का बसतो, याचे कोडे त्यामुळे उलगडते. पेरोव्हस्काइट जातीची स्फटिकरचना टिकेल की नाही, हे सांगणारे त्यांचे साधे गणित आज नव्या सौरघटांच्या संशोधनात वापरले जाते.

१९२९ मध्ये ते जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. परंतु नाझी राजवटीत ज्यूंचा छळ सुरू झाला, तेव्हा १९३५ मध्ये राजीनामा देऊन ते ऑस्लोला परतले. दुर्दैवाने १९४० मध्ये नॉर्वेही जर्मनीच्या ताब्यात गेला. ज्या देशाच्या मातीचा कस त्यांनी शोधला, त्याच देशाच्या पोलिसांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांना अटक केली. २६ नोव्हेंबरला ऑस्लोच्या धक्क्यावर डोनाऊ नावाचे जहाज उभे होते. त्यातून पाचशेहून अधिक ज्यूंना आउशविट्झच्या छळछावणीकडे नेण्यात आले. त्यांतले बोटांवर मोजण्याइतकेच वाचले. गोल्डश्मिट यांचे ज्ञान देशाला आवश्यक आहे, हे सहकाऱ्यांनी पटवून दिल्यामुळे त्यांना ऐन वेळी धक्क्यावरूनच सोडण्यात आले. डिसेंबरात ते गुप्तपणे स्वीडनला पोहोचले व तेथून ब्रिटनला गेले. तेथे प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी शेतजमिनीच्या रसायनावर काम केले. १९४६ मध्ये ते ऑस्लोला परतले आणि २० मार्च १९४७ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचा अपुरा राहिलेला भूरसायनशास्त्रावरील ग्रंथ इतरांनी पूर्ण करून १९५४ मध्ये प्रकाशित केला.

१९७२ पासून या विषयातील श्रेष्ठ संशोधकाला त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. दक्षिण आफ्रिकेतील एका हिऱ्यात सापडलेल्या नव्या खनिजाला अलीकडेच गोल्डश्मिटाइट हे नाव मिळाले.

पालकहो, पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहून तेथलेच झालेल्या आपल्यासारख्यांना या चरित्रातली एक गोष्ट विशेष जाणवावी. गोल्डश्मिट यांनी वास्तव्याच्या भूमीला आपले मानले आणि तिच्यासाठी राबले. सत्तेने त्यांना परके ठरवले, तेव्हा सोबत काम करणारी माणसेच त्यांच्या मदतीला धावली. आपली मुले शास्त्रज्ञ होवोत न होवोत, अशा वेळी शेजाऱ्याच्या बाजूने उभी राहणारी माणसे ती नक्की व्हावीत, असे आम्हांला वाटते.