कर्मवीरांचे वसतिगृह

गरिबाच्या मुलास शिक्षण द्यावयाचे तर पाटीआधी त्याच्या ताटाची सोय करावी लागते, हे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ओळखले. १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत व श्रम करून शिकत. धान्य सरले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या गृहास शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. १९५९ साली कर्मवीर निवर्तले.

श्रीरामपुरातील बोरावके महाविद्यालय त्यांच्याच संस्थेचे. परंतु आमच्याच जिल्ह्यात, अकोल्याच्या डोंगरांत, महादेव कोळी व ठाकर समाजांची मुले घर सोडून आश्रमशाळांत राहतात. इमारत व अनुदान सरकार देईल. लक्ष्मीबाईंची माया सरकारी हुकमाने येत नाही. आमच्या व्यापारी बंधूंनी वर्षातून एकदा तरी तेथील पंक्तीस बसून पाहावे. जे अन्न आपल्या लेकरास चालणार नाही, ते त्या लेकरांस कसे चालावे?